बाद झालेली कार्डं

आमची जीप शाळेच्या फाटकातून आत शिरली, की चौथी-पाचवीच्या निम्म्या पोरांना एकाच वेळी लघवीला लागायची. गुरुजी ओळ लावेपर्यंत ती मागच्या कुंपणावरून धानाच्या बांधीत पसार झालेली असत. एकतीस वर्षं मी हे बघितलं. लॅब टेक्निशियन हा माणूस पोरांना आवडत नाही आणि मोठ्यांनाही फारसा आवडत नाही. साकोली-लाखांदूरकडच्या गावांत माझं नाव कुणी विचारू नये, कुणाला सांगता यायचं नाही. पण ‘रगतवाले भाऊ’ म्हटलं, की माणसं घर दाखवतात.

दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काही लिहा असा निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, "सुई कशी टोचली ते लिहा. दुसरं काय येते तुम्हाले?" तिचं खरं आहे. पण जे लिहायला बसलोय ते निवृत्तीनंतरचं आहे, त्यात मी कुणालाही सुई टोचलेली नाही, आणि ते मला अजून धड समजलेलं नाही. सगळं समजून घेऊन लिहायचं ठरवलं असतं तर अंक माझ्यावाचूनच निघाला असता.

आधी आमचा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. तो आईबापाकडून येतो. बोटातून एक थेंब घ्यायचा, नळीतल्या औषधात टाकायचा, थोडं थांबायचं, आणि नळी छापील ओळींच्या कागदापुढे धरायची. नळीतून मागच्या ओळी दिसल्या तर चिंता नाही. नळी गढूळ होऊन ओळी दिसेनाशा झाल्या तर पुढची मोठी तपासणी. मग कार्ड मिळतं. पांढरं म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे तुम्हाला स्वतःला त्रास नाही, पण ती गोष्ट तुमच्यात आहे. लग्न जुळवताना समोरचंही कार्ड बघा, दोन्ही पिवळी नकोत. लाल म्हणजे आजार. हे मी इतक्या वेळा सांगितलंय, की बायको म्हणते, मी झोपेतही पांढरं-पिवळं-लाल बडबडतो.

या कार्डांना आमच्याकडे फार मान. रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला यांच्याबरोबर ती प्लास्टिकच्या एकाच पिशवीत, पेटीच्या तळाशी असतात. सोयरीक जुळवताना काही घरं पत्रिकेआधी कार्ड विचारतात. मला याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू. आपण दिलेला कागद लोक जपून ठेवतात, हे किती नोकरदारांच्या नशिबी येतं?

एकदा एका कॉलेजात एका मुलीच्या हातात लाल कार्ड दिलं. तिनं ते वाचलं, घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि विचारलं, "सर, हे घरी न्यावंच लागते का?" मी म्हटलं, "हो, नियम आहे." मागे ओळ लांब होती. मी पुढचं बोट धरलं. त्या मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

तर गेल्या हिवाळ्यात, धान घरी येऊन पडलं होतं त्या दिवसांत, वंदना मॅडमचा फोन आला. सानगडीच्या पलीकडे एका लहानशा गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथल्या त्या मुख्याध्यापिका. त्या गावच्या माझ्या सगळ्या तपासण्या त्यांच्या व्हरांड्यात झालेल्या.

"सर, तुम्हाला आमच्या चौथीला एक आजार शिकवायचा आहे."

"सिकल ना? येतो."

"सिकल नाही. सिस्टिक फायब्रोसिस."

मी म्हटलं, हे आमच्या खात्यातलं नाही. त्या म्हणाल्या, "आईबापाकडून येतो म्हणतात, म्हणून तुमच्याच खात्यातला. शनिवारी पालकांची सभा आहे. त्याच्या आत शिकवा." मग त्यांनी सगळं सांगितलं. चौथीत समीक्षा नावाची मुलगी आहे. बारीक, सारखी खोकणारी. गावात सगळे म्हणतात टीबी. बाप चिखल्याला मँगनीजच्या खाणीत कामाला. तर काही जण म्हणतात, खाणीची धूळ त्यानं घरी आणली. पोरं तिच्याजवळ बसत नाहीत. दुपारच्या खिचडीला ती ओळीच्या टोकाला, मध्ये दोन ताटल्यांची जागा सोडून. आणि आता पालकांनी तोंडी कळवलंय, की ती घरी बसेल, नाहीतर आम्ही आमची पोरं सानगडीच्या शाळेत घालू. चौथीत तेवीस पोरं. पाच-सहा गेली तरी पट घसरून वर्ग बंद व्हायचा.

"आणि तिची आई?"

"ती म्हणते, शनिवारी लोक काही बोलले, तर सोमवारपासून पाठवत नाही. आपल्या पोरीचा अपमान किती दिवस पाहायचा म्हणते."

हा आजार मी नुसता नावानं ऐकला होता. एकतीस वर्षांत त्याचा एकही रोगी पाहिला नव्हता. रात्री पुस्तक उघडलं, नातवाच्या मोबाइलवर वाचलं, आणि जेवढं वाचलं तेवढी माझी नळी गढूळ होत गेली. फुफ्फुसाचा आजार म्हणावा तर पोटाचाही. आईबापाकडून आलेला, पण आईबाप ठणठणीत. औषध आहे, पण त्यानं तो जात नाही. शेवटी मी ठरवलं, ज्या घरात आहे त्या घरालाच विचारावं.

समीक्षाची आई रंजना दारातच म्हणाली, "टीबी नाही जी सर." मी अजून चप्पल काढली नव्हती. "सहा महिने टीबीच्या गोळ्या देल्या. थुंकीत काही निघेच ना. मंग नागपूरले नेलं. तिथं घाम तपासला. घामात मीठ लय निघालं, तवा समजलं."

"घामात मीठ?"

"लहान होती तवा मुका घेतला का ओठाले खारट लागे. मी सासूले सांगतलं. सासू म्हणे, तुझीच जीभ खारट." ती हसली, मग म्हणाली, "आता म्हणते, आमच्या घरी असं कोनालेच नाही. तुझ्याच माहेरचं आहे."

मी वही काढून विद्यार्थ्यासारखा बसलो. रंजनानं सांगितलं ते असं. आपल्या सगळ्यांच्या छातीत थोडा ओलसर, पातळ चिकटा असतो, धूळ बाहेर काढायला. हिचा चिकटा घट्ट होतो, निघत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ पालथं झोपवून पाठ थोपटायची, तळहाताची खोलगट वाटी करून, म्हणजे तो सुटून खोकल्यावाटे येतो. पोटातही तेच, अन्न पचवणारा रस वाटेत अडकतो, म्हणून प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सूल. आणि उन्हाळ्यात मीठपाणी, कारण घामातून सगळं मीठ वाहून जातं. सातवी शिकलेली बाई. मी ज्या पानावर दोन रात्री अडखळलो, ते तिनं चहा उकळेपर्यंत संपवलं.

समीक्षा कोपऱ्यात कंपासपेटी उघडझाप करत होती. मी तिला विचारलं, वर्गात तुझं नाव घेऊन सांगितलं तर चालेल का? ती म्हणाली, "नाव न घेता सांगान तरी साऱ्याईले समजतेच ना. घ्या." थोड्या वेळानं म्हणाली, "पन मी बसून नाही राहीन. मी पन खेळीन."

भाषण करायचं नाही, खेळ घ्यायचे, असं मॅडमनं बजावलं होतं. बुधवारी मी सायकलच्या कॅरिअरला पपईच्या पानांचा भारा बांधून शाळेत पोचलो. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. आमच्याकडच्या प्रत्येक पोरानं त्यातून पाणी ओढलेलं असतं. पहिला खेळ असा, की दोन बादल्या. एकीत पाणी, दुसरीत भाताची घट्ट पेज. दोन गट. देठातून ओढायचं आणि ग्लास भरायचा. पाणीवाले जिंकले. पेजवाल्यांचे देठ तुंबले, गाल दुखले, आणि त्यांनी माझ्यावर लबाडीचा आरोप केला. मी म्हटलं, समीक्षाच्या छातीतली नळी अशी पेजवाली आहे, तिनंही काही लबाडी केलेली नाही. पोरं तिच्याकडे बघायला लागली. तीही स्वतःच्या छातीकडे बघायला लागली.

दुसरा खेळ धावण्याचा. प्रणय नावाचा मुलगा वर्गात सगळ्यात जोरात पळतो. त्याच्या तोंडात बारका देठ दिला, नाक चिमटीत धरायला सांगितलं, आणि म्हटलं, मैदानाला तीन फेऱ्या मार, श्वास फक्त देठातून. दुसऱ्या फेरीत तो झाडाखाली बसला. देठ थुंकून म्हणाला, "मरतो ना मी! हिले रोज असंच होते का?"

समीक्षा म्हणाली, "रोज नाही. सर्दी झाली का मंग."

इथं मी शहाणपणा केला. म्हटलं, बरोबर. तिचा आजार तुम्हाला लागत नाही, कधीच लागणार नाही. उलट तुमची सर्दी तिला लागली तर तिला जड जातं. पोरांनी माना डोलावल्या. एवढ्या एकमतानं डोललेल्या माना मी उभ्या नोकरीत पाहिल्या नव्हत्या. मला वाटलं, जिंकलो.

तिसरा खेळ म्हणजे माझं खातं. हा आजार आईबापाकडून कसा येतो? त्यासाठी दोन मडकी आणली होती. एक आईचं, एक बाबाचं. प्रत्येकात निम्मी पांढरी, निम्मी पिवळी कार्डं. पोरानं दोन्ही मडक्यांतून एकेक काढायचं. दोन पांढरी म्हणजे काही नाही. एक पांढरं, एक पिवळं, तरी काही नाही, ती गोष्ट नुसती अंगात झोपलेली. दोन्ही पिवळी आली तरच आजार. आता कार्डं कुठून आणावीत? तर माझ्या लोखंडी कपाटात सिकलसेलच्या कार्डांचे गठ्ठे होते. जुन्या नमुन्याची, बाद झालेली, कोरी. सरकारी कागद फेकवत नाही, हा आमच्या पिढीचा आजार. बायको म्हणाली होती, "रंगीत कागद कापा ना." मी म्हटलं, तयार आहेत तर कात्री कशाला?

पोरं आनंदानं ओळीत आली. माझ्यासमोर पोरांनी स्वतःहून ओळ लावल्याचं ते पहिलंच उदाहरण. पाच-सहा जणांना दोन्ही पिवळी आली, त्यांनी खोकून दाखवलं. बऱ्याच जणांना एक-एक. समीक्षानं हात घालण्याआधी विचारलं, "सर, दोन्ही मडक्यातलं लागते? एकाच मडक्यातलं नाही चालत?"

"नाही. दोन्हीकडचं लागतं."

"म्हनजे बाबाकडूनही येते."

"बाबाकडून एक, आईकडून एक."

तिनं हे तोंडातल्या तोंडात एकदा म्हटलं आणि हात घातला. आईच्या मडक्यातून पांढरं. बाबाच्या मडक्यातून पांढरं.

मग प्रणय ओरडला, "सर, हिले तर काहीच नाही निघालं! मंग हे खोकलते कायले?"

मी म्हटलं, हा खेळ आहे. तो म्हणाला, मग माझं पिवळं पण खेळच आहे? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, मग तुम्ही समजावून काय राहिले? हा प्रश्न तसा रास्त होता. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात खिचडीची घंटा झाली आणि पोरं कार्डांसकट पळाली. ती परत घ्यायची असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एकतीस वर्षं मी कार्डं द्यायचंच काम केलं. परत घ्यायची सवय कुठून असणार?

खिचडीच्या ओळीत बघतो, तर समीक्षा पुन्हा टोकाला, आणि मध्ये आता दोन नाही, चार ताटल्यांची जागा. मी प्रणयला विचारलं, का रे, सांगितलं ना तिचं काही लागत नाही? तो नाक ओढत म्हणाला, "तिचं नाही लागत जी. माझी सर्दी तिले लागन ना, म्हनून." हिवाळ्याचे दिवस. चौथीत नाक न वाहणारं एकही पोर नव्हतं. कालपर्यंत ती भीतीनं एकटी होती, आज मायेनं. समीक्षाच्या चेहऱ्यावर मला काही फरक दिसला नाही. मी सायकलला रिकामी मडकी बांधली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणयची आजी, यमुनाबाई, मोटारसायकलवर मागे बसून माझ्या फाटकाशी आली. तिच्या हातात एक पिवळं आणि एक पांढरं कार्ड होतं. पिवळ्यावर पेन्सिलीनं ‘प्रणय’ असं लिहिलेलं. रिकामी जागा दिसली की नाव घालायचं, हे पोरांना शाळेनंच शिकवलेलं.

"बाबू, हे काय आनलं तू आमच्या घरी?"

झालं असं होतं. बुधवारीच संध्याकाळी प्रणयच्या आत्याला पाहायला लाखांदूरकडून पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, साक्षगंधाची तारीख काढायचं बोलणं निघालं, आणि प्रणयनं मध्येच येऊन कार्ड दाखवलं, की आमच्या घरी पिवळं निघालं. पाहुण्यांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. वर सरकारी खात्याचं नाव, खाली पोराचं नाव. "कळवतो," म्हणाले आणि गेले.

मी म्हटलं, आजी, ते खोटं आहे. खेळातलं आहे.

"सरकारी कागद खोटा कसा होईन? तूच तर सांगे, जपून ठेवा म्हनून."

"सिकलचं नाहीच ते. दुसऱ्या आजाराचं शिकवत होतो."

"म्हनजे आता दुसराही आहे?"

मी जितकं सोडवायला गेलो तितकं ते गुंतत गेलं. पाहुण्यांना फोन करून चूक कबूल केली. ते म्हणाले, पाहू. दुपारपर्यंत वंदना मॅडमचे चार फोन. अर्ध्या गावात पिवळी कार्डं पोचली होती. एका घरी नवराबायकोचं भांडण झालं होतं, की हे कुणाकडून आलं. एका घरी पोराला शेजाऱ्याच्या गाडीवरून तपासायला नेलं होतं. आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की त्या पोरीचा आजार शिकवायला गेले आणि आजार आमच्या घरी आणून ठेवला. शनिवारी बघून घेऊ.

त्या दोन दिवसांत मला एक गोष्ट कळली, आणि ती कळायला निवृत्त व्हावं लागलं याची मला लाज वाटते. मी कार्ड द्यायचो आणि जीपमध्ये बसायचो. कार्ड घरी पोचल्यावर त्या घरात संध्याकाळी काय होतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. दोन घड्या घातलेलं ते लाल कार्ड मला सारखं आठवत राहिलं. तिनं विचारलं होतं, घरी न्यावंच लागतं का. मी एक मिनिट थांबलो असतो तर ओळ काही पळून जाणार नव्हती.

शनिवारी सकाळी शाळेत इतके पालक आले, की सभेसाठी असे कधी आले नसतील. रंजना भिंतीशी बसली होती, समीक्षा तिच्या मांडीला टेकून. मी उभा राहिलो आणि म्हटलं, चूक माझी आहे. ही कार्डं बाद झालेली आहेत, खेळातली आहेत, कुणाच्या घरी काही आलेलं नाही. सगळी मला परत द्या. एकेक जण उठून टेबलावर कार्डं टाकायला लागला, जशी काही ती हाताला भाजत होती. काही बायांनी पदराला हात पुसले.

यमुनाबाई शेवटी आली. कार्डं टाकली, आणि माझ्यावर तोंडसुख घेतलं ते मी इथं लिहीत नाही. शेवटी म्हणाली, "तीन राती मी डोळ्याले डोळा नाही लावला. एका कागदापायी. पोट्ट्याले काही होईन का, पोरीचं लगन मोडन का, हेच."

मग ती वळली तशी तिची नजर रंजनावर गेली. सगळे यमुनाबाईकडे बघत होते, आता ती मुख्य विषय काढणार म्हणून. ती आवाज उतरवून म्हणाली, "तू कशी झोपतं व बाई?"

रंजना म्हणाली, "झोपतो ना जी, मावशी. तिची पाठ थोपटून थोपटून हात दुखून येते. मंग लागते झोप."

"कशी थोपटतं?"

रंजनानं समीक्षाला मांडीवर पालथं घेतलं आणि तळहाताची वाटी करून पाठीवर मारून दाखवलं. पोकळ आवाज झाला. यमुनाबाई शेजारी बसली. "पाहू," म्हणाली. तिचा पहिला फटका सपाट पडला. समीक्षा दबलेल्या आवाजात म्हणाली, "तसं नाही आजी, हात गोल करा." दोन-तीन बाया जवळ सरकल्या. एकीनं स्वतःच्या पोराला आडवं पाडून प्रयोग केला. पुरुष मागे उभे राहून, इथं आपलं काय काम, अशा चेहऱ्यानं बिड्या शोधायला बाहेर गेले.

सभा तिथंच मोडली. पोरीला ठेवा असं कुणी म्हटलं नाही. काढा असंही कुणी म्हटलं नाही. मॅडम इतिवृत्ताची वही उघडून बसल्या होत्या, मला हळूच म्हणाल्या, "सर, ठराव काय लिहू?" मी म्हटलं, मलाही समजलेलं नाही. त्यांनी ‘चर्चा झाली’ असं लिहिलं.

कार्डं मोजली तर दोन पांढरी कमी. कुणाची, ते मला मोजण्याआधीच माहीत होतं. रंजनाही तेवढ्यासाठीच थांबली होती. "सर, एक सांगाचं होतं. परवापासून गोळी नाही घेऊन राहिली. पाठ थोपटू देत नाही. म्हणते, मी पांढरी निघाली. एवढंच नाही, चिखल्याले बाबाले फोन लावला अन् तिथंच राहते त्या आजीले सांगतलं, दोन्ही मडक्यातलं लागते म्हनून." हे सांगताना तिच्या तोंडावर हसू होतं की रडू, मला ओळखता आलं नाही. "तुम्हीच बोला तिच्याशी. तुमचा कागद मानते ते."

समीक्षा ओट्यावर बसली होती. पलीकडे खिचडीची ओळ लागत होती. मी शेजारी बसलो. तिनं कंपासपेटी उघडली. आत दोन्ही कार्डं, दोन्हींवर पेन्सिलीनं तिचं नाव, अक्षर अगदी नेटकं.

"हे मला परत पाहिजेत."

"हे तर मलेच निघाले."

"खेळात निघाले बेटा."

"बाकीच्याईचेही खेळातच निघाले. मंग ते सारे काहून रडले?"

मी पुढे केलेला हात मागे घेतला आणि दुसरंच विचारलं.

"गोळी का घेतली नाहीस?"

"घेतली ना काल रातच्याले, मायले न सांगता." ती खाली बघत म्हणाली. "मले माहीत आहे सर, मी पांढरी नाही. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं आहे. दोन दिवस पाहून राहिली होती, कसं वाटते ते."

"कसं वाटलं?"

"पोट दुखलं."

हे ती इतक्या सहज म्हणाली, की मला हसू आलं. ती माझ्याकडे बघत होती.

"मंग माझं खरं कार्ड कोनतं?"

"तुझ्या आजाराचं कार्ड नसतं."

"काहून नसते?"

"सरकारनं काढलं नाही."

"प्रणयचं खोटं होतं, तरी पाहुन्याईनं खरं धरलं. माझ्यापाशी खरं असतं, तर पोट्टे जवळ बसले असते." तिनं एक कार्ड माझ्यापुढे धरलं आणि कंपासपेटीतला पेन दिला. "लिहा याच्यावर."

"काय लिहू?"

तिनं आधीच ठरवून ठेवलं असावं. "समीक्षा खोकलते. टीबी नाही. कोनाले लागत नाही. जवळ बसता येते." मग ओळीकडे बघून म्हणाली, "सर्दीवाल्याईनं नाक पुसून बसावं."

मी लिहिलं, तिच्याच शब्दांत.

"आता सही."

निवृत्त माणसाला सहीचा अधिकार नसतो. कार्ड बाद झालेलं, वर छापलेला आजार वेगळा, आणि मी डॉक्टरही नाही. नोकरीत असताना एवढ्यावर मेमो मिळाला असता. त्या कॉलेजातल्या मुलीनं विचारलं होतं, घरी न्यावंच लागते का; ही कार्ड मागून घेत होती. मी सही केली. पूर्ण नाव, खाली हुद्दा.

"शिक्का?"

मॅडम आमच्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलं नाही. त्यांनी हातातला शाळेचा शिक्का माझ्या सहीवर उमटवला. समीक्षानं शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, मध्येच खोकली, पुन्हा फुंकर घातली. मग फ्रॉकच्या खिशातून कॅप्सूल काढून पाण्याबरोबर गिळली आणि कार्ड घेऊन ओळीकडे गेली.

टोकाला न बसता ती सरळ प्रणयपुढे जाऊन उभी राहिली आणि कार्ड त्याच्या तोंडासमोर धरलं. तो मोठ्यानं, एकेक शब्द लावत वाचायला लागला. शेवटच्या ओळीपाशी थांबला. सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं आणि आपली ताटली सरकवून जागा केली.